नवी मुंबईच्या डोक्यावरचा बर्फ

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. उलवे-पनवेलच्या दमट हवेत कोणी बर्फाचा विषय काढला, तर ऐकणारा हसेल. परंतु उंचीच्या प्रत्येक किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. धावपट्टीवर बत्तीस अंशांचा उकाडा असताना पाच किलोमीटर वर शून्य अंश असतो. तेथील ढगांत शून्याखाली जाऊनही न गोठलेले जलबिंदू विमानाच्या पंखाला लागताच गोठतात, पंखाचा आकार बिघडतो आणि त्याची उचल घटते. म्हणून मोठ्या प्रवासी विमानांत पंखांच्या पुढच्या कडा तापविण्याची व्यवस्था असते. बहुतेक विमानांत त्यासाठी इंजिनातील उष्ण हवा वापरतात. बोइंग ७८७ मध्ये मात्र विजेवर तापणारे थर बसविले आहेत.

विजेच्या याच मार्गावर आता ग्राफीन येऊन उभे आहे. शिसपेन्सिलीतील ग्राफाइटचा केवळ एका अणूच्या जाडीचा थर म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठात गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो साध्या चिकटपट्टीने सोलून काढला आणि २०१० चे नोबेल मिळविले. अमेरिकेतील राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने २०१६ मध्ये ग्राफीनच्या सूक्ष्म फिती इपॉक्सी राळेत मिसळून हेलिकॉप्टरच्या पात्याच्या तुकड्यावर लेप दिला. फितींचे प्रमाण पाच टक्क्यांहून अधिक नव्हते. उणे वीस अंशांत, अल्प दाबाची वीज सोडताच पात्यावरचा सेंटिमीटरभर जाड बर्फ वितळला.

यातील मर्म उष्णता कोठे निर्माण होते, यात आहे. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात. पृष्ठभागच तापला तर सारा बर्फ वितळवावाच लागत नाही. त्याला धरून ठेवणारा तळचा पातळ थर सुटला की उरलेला आपोआप निसटतो. सेंटिमीटरभर थरापैकी एक दशांश मिलिमीटर वितळविणे म्हणजे शंभरावा भाग.

पण विमानासाठी कोणतेही नवे द्रव्य प्रमाणित होण्यास वर्षे लागतात, आणि ती लागलीच पाहिजेत. आमचे लक्ष वेधतो तो जमिनीवरचा बर्फ. तुर्भे-महापे-तळोजा पट्ट्यातील शीतगृहांत आणि न्हावाशेव्याला उभ्या शीत-कंटेनरांत तो रोज जमतो. आतील शीतनलिका शून्याखाली असतात. दार उघडले की कोकणची दमट हवा आत शिरते आणि नलिकांवर हिमाचा थर चढतो. हा थर म्हणजे गोधडीच. थंडावा मालापर्यंत पोहोचत नाही आणि यंत्र अधिक काळ चालते. मग ठरावीक वेळाने हीटर लावून हिम काढायचे. त्या हीटरची बरीच उष्णता बर्फाऐवजी धातूत आणि खोलीच्या हवेत जाते, व तीच उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा वीज जाळावी लागते. एकाच कामाची वीज दोनदा! हा खर्च भाड्यात चढतो, आणि भाडे अखेर नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला व कोकणच्या आंबेवाल्याला मिळणाऱ्या भावातून वजा होते.

ग्राफीनचा लेप हा यावरचा रामबाण आहे, असे आम्ही म्हणणार नाही. नलिकांवरील दाट पात्यांवर एकसारखा लेप बसविणे अवघड आहे. वारंवार गोठण्या-वितळण्याने तो सुटू शकतो. ओलाव्यात विजेचे आवरण निर्दोष हवे. परंतु दाराची चौकट, पाणी निचरण्याचे तबक, पंख्याचे कडे हे तुलनेने सोपे भाग. आजही तेथे हीटर असतातच. आरंभ तेथून करता येईल.

सावध राहावे ते बाजारातील नावांपासून. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरातील ६० उत्पादकांचे नमुने तपासले. बहुतेकांत खरे ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. बाकी काय, तर ग्राफाइटची भुकटी! तेव्हा स्वदेशी असो वा विदेशी, तपासणीवाचून एक किलोही विकत घेऊ नये.

ही तपासणी करण्याची क्षमता आपल्याकडे आहे. केरळातील ग्राफीन नवप्रवर्तन केंद्रात केंद्र सरकारची ‘सी-मेट’ ही संस्था आणि टाटा स्टील सहभागी आहेत, आणि सी-मेटची एक प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला आहे. पुणे ते तुर्भे अंतर ते किती! प्रयोगशाळेतील विद्या बाजारात उतरविण्याचा पायंडाही याच परिसरात पडला आहे. ट्रॉम्बेच्या अणुशास्त्रज्ञांनी विकसित केलेले किरणोत्सारी प्रक्रियेचे तंत्र वाशीत मसाल्यांसाठी आले. लासलगावच्या केंद्रात त्याच तंत्राने प्रक्रिया केलेला आंबा २००७ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९८९ पासून बंद असलेले दार उघडले. पुढे राज्याच्या कृषी पणन मंडळाने वाशीतच आंब्यासाठी विकिरण केंद्र उभारले. पणन मंडळ, सी-मेट आणि एखादा धाडसी शीतगृहचालक यांनी एकत्र येऊन शेजारशेजारच्या दोन खोल्या निवडाव्यात. एकीत जुने हीटर, दुसरीत नवा लेप. दोहोंना स्वतंत्र मीटर. जूनच्या पहिल्या सरीपासून सप्टेंबर अखेरीपर्यंत, म्हणजे हवा सर्वाधिक दमट असताना, नोंदी ठेवाव्यात आणि त्यातील आकडे, अनुकूल असोत वा प्रतिकूल, बागायतदारांसमोर मांडावेत.