सोबत्याचे पोट आणि घराची स्वच्छता

नाशिकला पावसाची झड लागली की गोदाकाठ, सोसायट्यांची आवारे आणि बंगल्यांच्या बागा आठवडेच्या आठवडे ओल्या राहतात. याच दिवसांत घरातल्या कुत्र्याची किंवा मांजराची शी पातळ होऊ लागते. दोन दिवस दहीभात द्यावा, थोडे बरे वाटावे आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच सुरू व्हावे, हा अनुभव पुष्कळ घरांना आहे. अशा प्राण्यांपैकी काहींच्या तपासणीत ‘जिआर्डिया’ हे नाव निघते. पाठोपाठ कुणीतरी सांगते, की हा आजार माणसालाही होतो. मग पुण्याहून किंवा परदेशातून मुलांचा फोन येतो : ‘बाबा, या वयात हा धोका नको. कुत्रा कुणाला तरी देऊन टाका.’

ज्या घरात सकाळचा फेरफटका, औषधाची वेळ आणि दुपारची शांतता एका मुक्या जिवाच्या सोबतीने पार पडते, तिथे हा सल्ला आजारापेक्षा जड जातो. म्हणून आरंभीच स्पष्ट सांगावयाचे ते हे, की जिआर्डियासाठी सोबत्याला घराबाहेर काढण्याची वेळ सहसा येत नाही. आवश्यक असते ते नेमके निदान, पुऱ्या मुदतीचे औषध आणि औषधाइतकीच काटेकोर स्वच्छता. यांतील तिसरी गोष्ट राहून जाते, म्हणूनच हा आजार पुन्हा पुन्हा परततो.

हा परजीवी कसा असतो?

जिआर्डिया हा जंत नव्हे. तो केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा एकपेशीय परजीवी आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे कापडव्यापारी लेव्हेनहूक यांनी १६८१ मध्ये आपले पोट बिघडले असता स्वतःच्याच विष्ठेत तो प्रथम पाहिला. याची रूपे दोन. पहिले रूप लहान आतड्यात राहते. ते आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटून बसते आणि अन्नरसाचे, विशेषतः स्निग्ध पदार्थांचे, शोषण बिघडवते. दुसरे रूप कवचबंद असते. त्याला आपण कोष म्हणू. हे कोष विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि पडल्या क्षणापासून दुसऱ्या प्राण्याला बाधा करू शकतात. थंड, ओल्या जागी व पाण्यात ते कित्येक आठवडे तग धरतात. कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र त्यांना सोसत नाही. पावसाळ्यातले डबके आणि वैशाखातली तापलेली माती यांत म्हणूनच महदंतर आहे.

प्राणी असे डबके चाटतो, घाणीत पडलेले काही हुंगतो, किंवा बाहेरून आल्यावर स्वतःचे अंग व पाय चाटतो, आणि कोष पोटात जातात. पिल्लांना, नव्याने घरी आणलेल्या प्राण्यांना आणि दाटीने ठेवलेल्या कुत्र्या-मांजरांना ही बाधा अधिक होते.

लक्षणे ओळखताना

या आजारात शी बहुधा मऊ, फिकट, चिकट किंवा तेलकट असते. तिला नेहमीपेक्षा उग्र दुर्गंधी येते आणि कधी तीत शेंबडासारखा स्राव दिसतो. काही दिवस ठीक, काही दिवस पातळ असा खेळ चालतो. भूक शाबूत असूनही वजन उतरते. याउलट काही प्राण्यांच्या आतड्यात जिआर्डिया असतो, पण त्यांना कोणताच त्रास होत नाही.

मात्र प्रत्येक जुलाब जिआर्डियाचा नसतो. आतड्यातील अंकुशकृमी, गोलकृमी, पिल्लांना होणारा पार्व्हो हा विषाणूजन्य आजार, अन्नातील अचानक बदल ही कारणेही तितकीच शक्य आहेत. शीतून रक्त जाणे, वारंवार उलट्या, पाणी न पिणे, प्राणी मलूल होऊन पडून राहणे यांपैकी काहीही दिसल्यास दहीभातावर विसंबू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे. लहान पिल्लाच्या बाबतीत तर काही तासांचा विलंबही महागात पडतो.

एक तपासणी पुरेशी का नसते?

कोष रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत. आज भरपूर, उद्या एकही नाही, असे घडते. त्यामुळे एका नमुन्यात काही सापडले नाही, एवढ्यावरून जिआर्डिया नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. साधारण पाच दिवसांत, एक दिवसाआड असे तीन नमुने तपासणे ही विश्वासार्ह रीत आहे. झिंक सल्फेटच्या द्रावणात नमुना फिरवून कोष वर तरंगवले जातात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. याच्या जोडीला परजीवीचे प्रथिन शोधणारी झटपट किटही मिळते. कोष सापडत नसतानाही ती बाधा दाखवू शकते. दोन्ही तपासण्या मिळून निदान अधिक पक्के होते.

नमुना नेताना काही पथ्ये पाळावीत. शी ताजी असावी, माती किंवा लघवी मिसळलेली नसावी. स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत सुपारीएवढा नमुना पुरतो. डबीवर तारीख व वेळ लिहावी. प्रयोगशाळेत पोहोचण्यास उशीर होणार असेल तर डबी पिशवीत बांधून बर्फाच्या पाकिटाशेजारी ठेवावी. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नये, कारण गोठल्याने कोषांचा आकार बिघडतो. चालण्याचा त्रास असलेल्या आजी-आजोबांनी प्राण्याला रोज दवाखान्यात नेण्याचा आग्रह धरू नये. नुसती डबी शेजाऱ्यांबरोबर पाठवली तरी काम होते. खासगी दवाखान्यांबरोबरच शासनाच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातही पशुवैद्यकीय सल्ला मिळतो.

औषध : कोणते आणि कोणते नाही

या आजारात बहुधा फेनबेंडाझोल हे औषध प्रथम निवडले जाते. ते प्राण्याच्या वजनानुसार, दर किलोस ५० मिलिग्रॅम या प्रमाणात, दिवसातून एकदा, अन्नासोबत, तीन ते पाच दिवस सलग देतात. मात्रा पशुवैद्यकांनीच ठरवावी. दर तीन महिन्यांनी दिली जाणारी जंताच्या गोळीची एक मात्रा या परजीवीसाठी पुरेशी नसते. ‘मागच्याच महिन्यात जंताचे औषध दिले होते’ म्हणून जिआर्डियाची शक्यता सोडून देऊ नये.

मेट्रोनिडाझोल हे दुसरे परिचित औषध. अनेक घरांच्या औषधाच्या डब्यात त्याच्या उरलेल्या गोळ्या असतात आणि मोह तिथेच होतो. हे औषध जुलाब थांबवते, पण परजीवी आत राहूनही शी काही दिवस बांधून येऊ शकते आणि बरे झाल्याचा भास होतो. मात्रा चुकली किंवा औषध फार दिवस चालले, तर प्राण्याचा तोल जाणे, डोळ्यांची बुबुळे थरथरणे असे मज्जासंस्थेचे त्रास उद्भवतात. आणखी एक धोका अल्बेंडाझोलचा. माणसांना जंतांसाठी दिली जाणारी ही गोळी कुत्र्या-मांजरांच्या अस्थिमज्जेला इजा करू शकते. आपल्या डब्यातील एकही गोळी पशुवैद्यकांना विचारल्यावाचून प्राण्याला देऊ नये, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळावा.

औषध चालू असताना आहार हलका, कमी तेलातुपाचा ठेवावा. मऊ भात आणि उकडलेले बिनमसाल्याचे चिकन बहुतेक प्राण्यांना मानवते. घरात दुसरे कुत्रे किंवा मांजर असल्यास त्याच्या तपासणीबद्दलही त्याच वेळी विचारावे. औषध पुरे झाल्यावर प्राणी धडधाकट असेल, तर झटपट किटने पुन्हा पुन्हा तपासण्या करू नयेत. उपचारानंतरही ती काही काळ बाधा दाखवीत राहते आणि घरात उगाच घबराट पसरते. लक्षणे टिकून राहिली तरच फेरतपासणी करावी, आणि त्या वेळी जुलाबाचे दुसरे कारणही शोधावे.

औषधाइतकीच महत्त्वाची स्वच्छता

गोळ्या चालू असताना प्राणी आपल्याच अंगावरचे आणि अंथरुणातले कोष चाटून पुन्हा बाधित होतो. त्यासाठी पुढील कामे औषधाच्या दिवसांत नेमाने करावीत. शी पडताच उचलून पिशवीत बांधून टाकावी. पाण्याचे व खाण्याचे भांडे रोज कढत पाण्याने धुवावे. अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात खडखडीत वाळवावे. ऊन नसेल तेव्हा इस्त्रीचाही उपयोग होतो. फरशी आधी साबणाच्या पाण्याने धुवावी, मग बेन्झाल्कोनियम क्लोराईडयुक्त जंतुनाशकाने पुसावी आणि पंखा लावून पूर्ण कोरडी होऊ द्यावी. फिनाईल मांजरांना विषारी ठरू शकते, म्हणून मांजराच्या घरात ते टाळावे. औषधाच्या शेवटच्या दिवशी प्राण्याला शाम्पूने आंघोळ घालावी. शेपटीखालचा व मागच्या पायांचा भाग विशेष काळजीने धुवावा, आणि त्याला नीट कोरडे करावे.

ओल्या फरशीवर वृद्धांचा पाय घसरण्याची भीती असते, शिवाय कढत पाण्याने भाजण्याचाही धोका आहेच. ही कामे घरातील तरुण व्यक्तीने किंवा मदतनिसाने करावीत, आणि फरशी वाळेपर्यंत आजी-आजोबांनी तिकडे जाऊ नये. सोबत्याला देऊन टाका, असे दुरून सांगण्यापेक्षा मुलांनी या पाच दिवसांपुरती मदतीची सोय लावून दिली, तर ती खरी सेवा होईल.

आपल्याला कितपत धोका?

जिआर्डियाच्या अनेक जाती-उपजाती आहेत. कुत्र्यांत बहुतांशी आढळणारे प्रकार कुत्र्यांपुरते, आणि मांजरांत आढळणारा एक मुख्य प्रकार मांजरांपुरता मर्यादित असतो. माणसाला बाधा करणारे प्रकार वेगळे. ते पाळीव प्राण्यांत कधीकधी सापडतात, म्हणून धोका शून्य नाही, पण तो थोडा आहे. माणसाला हा आजार मुख्यतः दूषित पाणी, दूषित अन्न आणि बाधित माणसाच्या अस्वच्छ हातांमुळे होतो.

तरीही कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीने शी उचलण्याचे काम स्वतः करू नये, आणि प्राणी बरा होईपर्यंत त्याला तोंड चाटू देऊ नये. इतरांनी हातमोजे वापरावेत आणि नंतर साबण-पाण्याने हात धुवावेत. हाताला चोळण्याचे सॅनिटायझर या कोषांवर भरवशाचे नाही. पिण्याचे पाणी खळाळून एक मिनिट उकळले, की कोष मरतात. पाण्यातल्या नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनला मात्र ते दाद देत नाहीत. प्राण्यालाही तेच उकळून गार केलेले पाणी द्यावे, आणि फिरायला जाताना त्याच्यासाठी पाण्याची बाटली बरोबर ठेवावी.

घरातील कुणाला काही दिवस टिकणारे जुलाब, पोटफुगी किंवा तेलकट शौच होऊ लागले, तर आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि घरातील प्राण्याच्या तपासणीत जिआर्डिया आढळल्याचे आवर्जून सांगावे. एवढ्या एका माहितीने निदान लवकर होते.

जिआर्डिया चिवट आहे, पण असाध्य नाही. तीन नमुने, पुरी मात्रा, कोरडी फरशी आणि धुतलेले हात एवढ्यानेच बहुतेक घरांत तो आटोक्यात येतो, आणि दाराशी वाट पाहणारा सोबती आपल्या जागी सुखरूप राहतो.