ट्रॉली कुणाची, हे कोण विचारणार?

रात्रीचे साडेदहा वाजले असतील. परभणीत पिंगळगड नाल्याच्या काठाला एक ट्रॅक्टर रिव्हर्स येऊन थांबला. ड्रायव्हरने हायड्रॉलिकचा दांडा ओढला, ट्रॉली वर उचलली गेली आणि कुणाच्या तरी जुन्या माडीच्या विटा, चुना, फुटक्या फरशा धडाधड खाली. फरशा हिरव्या ठिपक्यांच्या, बहुधा स्वयंपाकघरातल्या. सगळं उरकायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मी मोबाईल काढेपर्यंत ट्रॅक्टर निघालाही होता, आणि ट्रॉलीच्या मागे नंबरप्लेट नव्हतीच.

अशा चोरट्या कचऱ्याविरुद्ध महापालिका आणि पोलिसांनी मिळून मोहीम काढावी, असं म्हटलं की चार आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप: पोलिसांना काय कमी कामं आहेत, कचरा हे त्यांचं कामच नाही. हे साफ खोटं आहे. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं कलम 115 उघडून पाहा. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास होईल अशा रीतीने रस्त्यात किंवा रस्त्यालगत धूळ, राख, केरकचरा टाकायला त्यात मनाई आहे. सार्वजनिक उपद्रवाचं कलम जुन्या दंडसंहितेत होतं, ते 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. म्हणजे काम त्यांचंच, फक्त ते ठाण्याच्या दारातून आत आलं नाही. आणि खरी गोम पुढे आहे. स्वच्छता निरीक्षकाकडे दंडाची पावती असते, पण पळता ट्रॅक्टर हात करून थांबवायचा आणि कागद मागायचे, तर तिथे खाकीच लागते. बिननंबरची ट्रॉली हा तर गुन्ह्याच्या आतला दुसरा गुन्हा. निरीक्षक एकटा उभा राहिला तर फार फार तर टेललाइट पाहील.

दुसरा आक्षेप सज्जनांचा: दंडुक्याने काही होत नाही, प्रबोधन करा. पिशवीभर कचरा कोपऱ्यावर टाकणाऱ्याबद्दल हे मला मान्य आहे. त्याच्यामागे पोलीस लावणं हास्यास्पदच. पण ट्रॅक्टरवाल्याला काय समजावणार? तो अडाणी नाही, हिशेबी आहे. गावाबाहेर जायचं तर डिझेल जातं, एक खेप बुडते. नाला जवळ आहे. या हिशेबावर पथनाट्याचा उतारा चालत नाही.

तिसरा आक्षेप परभणीकर चहाच्या टपरीवर हळू आवाजात घेतो: दोन खाती एकत्र आली म्हणजे हप्ते दोन झाले. हसून सोडून देण्यासारखं हे नाही. मुंबईत क्लीन-अप मार्शल नेमले, पैसे उकळण्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि 2025 मध्ये महापालिकेने ती योजना बंद केली. पण ते मार्शल कुणाला धरत होते? थुंकणाऱ्याला, कागद टाकणाऱ्याला, म्हणजे सापडेल त्या पादचाऱ्याला. जिथे हजारो गिऱ्हाइकं, तिथे चिरीमिरी. संयुक्त पथकाने फक्त वाहन धरावं. नंबर, जागा, वेळ आणि फोटो दोन्ही खात्यांच्या नोंदीत एकाच वेळी जावा. मग मिटवामिटवी करायला दोन रजिस्टरं खोडावी लागतील.

उरला चौथा आक्षेप, आणि त्याच्यापुढे मी थोडा नमतो. पालिकेलाच जागा नाही तर लोकांनी टाकायचं कुठे? तेव्हाच्या औरंगाबादेत 2018 साली नारेगावच्या गावकऱ्यांनी फेब्रुवारीत कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मार्चमध्ये त्या गाड्या मिटमिट्याकडे नेल्या, दगडफेक झाली, लाठीमार झाला. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवावं लागलं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. पालिका आणि पोलीस तिथेही ‘मिळून’च होते, पण ते कचरा टाकणाऱ्याच्या बाजूने. असली युती मला नको.

म्हणून सोय आधी, हे कबूल. पण सोय होईपर्यंत मोकळीक, हे नाही. बांधकामाच्या मलब्यासाठी 2016 सालीच वेगळे नियम आले. घर पाडणाऱ्याने मलबा वेगळा ठेवून ठरल्या जागी पोचवायचा, आणि तो गोळा करायची व्यवस्था पालिकेने करायची. पैसा नाही हे कारण तर 1980 मध्येच रतलामच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धुडकावलंय. मॅजिस्ट्रेटने उपद्रव हटवायचा हुकूम दिला होता तो रतलामच्या नगरपालिकेलाच. म्हणजे हा दांडा दोन्हीकडून लागतो.

आणि पालिका वाटते तितकी आंधळीही नाही. जुनं घर पाडून नवं बांधायचं तर परवानगीचा अर्ज नगररचना विभागात येतो. दवाखान्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांवर बारकोड हवा, असंही 2016 चेच जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात. माल कुणाचा हे कागद सांगतो, तो कुणी वाहिला हे रस्ता सांगतो. एक पालिकेकडे, दुसरा पोलिसांकडे. ही दोन टोकं बांधायची, एवढीच मागणी आहे. जर्मनीचं नाव परभणीकर येताजाता घेतोच, आज इंग्लंडचं घेऊ: तिथल्या 1990 च्या कायद्याने, तुमचा कचरा नेणारा माणूस परवानाधारक आहे ना, हे पाहायची जबाबदारी कचरा देणाऱ्यावरही टाकली. आपल्याकडे घरमालक ट्रॅक्टरवाल्याच्या हातावर पैसे टेकवतो आणि हात झटकतो. गंगाखेड, जिंतूर, सेलू, कुठेही जा, नगरपरिषदेच्या हद्दीतही यापेक्षा वेगळं दिसणार नाही.

परवा पुन्हा नाल्यावर गेलो. हिरव्या ठिपक्यांच्या फरशा तिथेच आहेत. त्यांच्यावर आता दोन फाटक्या गाद्या आणि पेंढा निघालेला एक सोफा आलाय.