विमानाचे वय वर्षांत नव्हे, उड्डाणांत मोजा

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवरील हिलोहून होनोलुलूकडे निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे सुमारे साडेपाच मीटर लांबीचे छत २४ हजार फुटांवर उडून गेले. वैमानिकांनी ते काहुलुइला उतरवले. विमानातील ९५ जणांपैकी एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला, ६५ जण जखमी झाले.

विमान १९ वर्षांचे होते. तसे फार जुने नव्हे. पण बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे त्याची उड्डाणे झाली होती ८९,६८०. रचनाकारांनी आयुष्य धरले होते ७५ हजार उड्डाणांचे.

प्रत्येक उड्डाणात प्रवाशांच्या श्वासासाठी विमानात हवेचा दाब वाढवतात आणि उतरताना तो कमी होतो. म्हणजे विमानाचे धड दर खेपेला किंचित फुगते आणि आकसते. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली राहिला, तर ते जवळजवळ कितीही वेळा तो सोसते. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. ताण थोडा असला तरी त्याची मोजदाद चालूच राहते.

या विमानात दोन पत्र्यांचा जोड डिंकासारख्या चिकट थराने आणि रिव्हेटच्या तीन ओळींनी धरलेला होता. चिकट थर दमट, खारट हवेत सुटला आणि सगळा भार रिव्हेटवर आला. पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. रिव्हेटचे डोके पृष्ठभागाशी सपाट बसावे म्हणून छिद्राचे तोंड रुंद केलेले, त्यामुळे त्याची कड सुरीसारखी धारदार. भेगा तिथेच जन्मल्या. एका छिद्राची भेग पुरेशी लहान असते. ओळीतल्या अनेक छिद्रांच्या भेगा एकमेकींना मिळाल्या, की पत्रा चेन उघडावी तसा उघडतो.

हे आधी कुणालाच ठाऊक नव्हते, असे नाही. १९८७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने तपासणीची सक्ती केली होती, पण एकाच ठिकाणच्या जोडांपुरती. फाटला तो दुसराच जोड. त्याच दिवशी विमानात चढताना एका प्रवाशाला धडावर लांब भेग दिसली होती. ती त्याने कुणालाही सांगितली नाही. त्याला दोष कसा द्यायचा? ते काम प्रवाशाचे नाही.

पण तपासनीसावरही सगळे टाकू नये. रात्रीच्या पाळीत, झोपमोड करून, हजारो सारख्याच रिव्हेटांकडे बघत राहिलेला डोळा थकतोच, धातूइतकाच. म्हणून २०१० चा अमेरिकी नियम योग्य दिशेचा आहे. निर्मात्याने उड्डाणांची कमाल मर्यादा जाहीर करायची. ती ओलांडून विमान वापरायचे नाही. विमान कंपन्यांना हे महाग पडते. पडू द्यावे.

मर्यादा मात्र तपासणीची जागा घेत नाही. एप्रिल २०११ मध्ये साउथवेस्ट एअरलाइन्सच्या ७३७ चे छत असेच उघडले, तेही सुमारे ४० हजार उड्डाणांनंतरच. कारण निघाले कारखान्यातच चुकीची पाडलेली छिद्रे. त्यानंतर त्या पिढीच्या विमानांची ३० हजार उड्डाणांपुढे, डोळ्यांनी नव्हे तर विद्युत् यंत्राने, तपासणी सक्तीची झाली.