पीण्यातलं बहात्तर
या आठवड्यात बेंगळुरूत भाचीच्या स्पर्धा परीक्षेच्या वहीत 1972 च्या जागतिक घटना वाचल्या: फेब्रुवारीत निक्सन माओंना भेटले, मेमध्ये मॉस्कोत अण्वस्त्रांना आवर घालणारे करार झाले. पण त्याच मेमध्ये भारताचा उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून सोडायचं ठरलं, त्याचा वहीत पत्ताच नाही! आपल्या दृष्टीने त्या वर्षातली सर्वांत मोठी घटना तीच, हे मी ठासून सांगतो. इस्रोचे प्रमुख विक्रम साराभाई डिसेंबर 1971 मध्ये अचानक गेलेले. सतीश धवनांनी तिथली सूत्रं घेतली ती अटी घालूनच: मुख्यालय बेंगळुरूत हवं आणि भारतीय विज्ञान संस्थेचं संचालकपदही सोडणार नाही. केवढी ही विद्येवरची निष्ठा! मग पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या साध्या शेडमध्ये यू. आर. रावांच्या तरुण चमूने तो उपग्रह, ‘आर्यभट’, घडवला. जागेची इतकी ओढाताण, की उपग्रहाचे संदेश टिपायला एका स्वच्छतागृहाचं केंद्र केलं. आणि 19 एप्रिल 1975 ला 360 किलोंचा आपला उपग्रह अंतराळात! आता बोला.