पाठीशी बांधलेले मूल

झाशीच्या राणीचे एक चित्र मराठी मनात पक्के बसले आहे. धावता घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादी मुलगी राणी झाली, की तिच्या पाठीला बाहुली बांधतात. वास्तविक दामोदरराव १८५३ साली दत्तक घेतला गेला तेव्हाच चार-पाच वर्षांचा होता. एप्रिल १८५८ मध्ये राणीने झाशी सोडली तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा असणार. चित्रांनी त्याचे तान्हे बाळ केले, कारण तिथे मातृत्वाची खूण हवी होती. खुणेला मान सावरावी लागत नाही आणि श्वासही घ्यावा लागत नाही.

हे सुचण्याचे कारण न्हावरे. शिरूर-चौफुला रस्त्यावरील या गावी चहाला थांबलो असता समोरून एक मोटारसायकल गेली. मागे बसलेल्या तरुण आईच्या पाठीवर, पट्ट्यांच्या नव्या कोऱ्या बेबी कॅरिअरमध्ये, चार-पाच महिन्यांचे बाळ होते. प्रत्येक खड्ड्यागणिक त्याची मान हेलकावत होती. शेजारचे गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "झाशीची राणीच की!" मीही हसलो, आणि मग त्या हसण्याची लाज वाटली. आम्ही आईचे कौतुक केले. बाळाकडे दोघांनीही पाहिले नव्हते.

कॅरिअरला माझा विरोध नाही. ती परकी चैनही नव्हे. अ‍ॅन मूर या अमेरिकी परिचारिकेने १९६० च्या दशकात आफ्रिकेतील टोगो देशात बायका मुले कापडाने पाठीला बांधून वावरताना पाहिल्या, आणि त्यावरून तयार केलेल्या 'स्नगली'चे पेटंट १९६९ मध्ये घेतले. आपली झोळीही याच कुळातली. प्रश्न इतकाच, की कोणत्या वयाचे मूल कसे बांधावे.

तान्ह्याचे डोके जड असते, मान कच्ची असते आणि श्वासनलिका अरुंद असते. हनुवटी छातीला टेकली की हवेचा मार्ग आवाज न होता अडतो. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये झोळीवजा कॅरिअरबाबत इशारा दिला, तेव्हा मागील वीस वर्षांतील किमान १४ मृत्यू त्यात नोंदले होते. त्यांपैकी १२ बाळे चार महिन्यांहून लहान होती. म्हणून लहान बाळ पुढेच, छातीशी, उभे धरावे. चेहरा सतत दिसावा, नाक-तोंड मोकळे असावे, हनुवटी व छाती यांत दोन बोटांचे अंतर राहावे आणि सहज मान वाकवून बाळाच्या डोक्याचा मुका घेता यावा. चौकटीचे, पाठीवरचे कॅरिअर बाळ आधाराविना बसू लागल्यावरच, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर, वापरावे. विकत घेताना रंगापेक्षा बैठक पाहावी. मांड्यांना गुडघ्यांपर्यंत आधार हवा आणि गुडघे खुब्यांच्या पातळीत किंवा किंचित वर हवेत. पाय लोंबकळत राहिले तर कोवळ्या खुब्यांच्या सांध्यांवर ताण येतो. वजनाची मर्यादा वाचावी, बकले दर वेळी तपासावीत, खाली वाकताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे. चुलीपाशी कॅरिअर नको, आणि आपल्याकडच्या उन्हात फार वेळही नको.

दुचाकीवर तर ते मुळीच चालणार नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये केलेल्या आणि फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा खास सुरक्षा-पट्टा हवा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. कॅरिअर हा तो पट्टा नव्हे. ज्याला हेल्मेटच पेलत नाही त्या बाळाने दुचाकीवर बसू नये, हे माझे मत.

इथे साहित्याच्या वाचकांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. न्हावरे हे घोडगंगा साखर कारखान्याचे गाव. ऊसतोडीला येणाऱ्या बाया लेकरू फडाच्या कडेला झोळीत ठेवून डोक्यावर मोळ्या वाहतात. आपली कविता अशा मायमाउलीला वारंवार वंदन करते. फडाजवळ पाळणाघर असावे, ही मागणी मात्र कवितेतही क्वचित येते आणि तिच्यावरील आपल्या समीक्षेतही. सोसण्याचा गौरव झाला की सोय करण्याची निकड संपते. राणीच्या चित्राने जे दामोदराचे केले, तेच आपण त्या झोळीतल्या मुलाचे करतो.

आपल्याच परंपरेत दुसरे एक चित्र आहे. जनाबाईंच्या नावावर असलेल्या अभंगातला लेकुरवाळा विठोबा कोणाला खांद्यावर घेतो, कोणाला कडेवर, कोणाला मांडीवर, कोणाचा नुसता हात धरतो. मुक्ताई मागून आपली चालते. प्रत्येक लेकराची जागा वेगळी, आणि पाठीला बांधलेले त्यांत कोणीच नाही. शिवाय मुले वाहणारा इथे बाप्या आहे. कॅरिअर घेणाऱ्या जोडप्याने राणीपेक्षा हा विठोबा डोळ्यांसमोर ठेवावा, आणि पट्टे आवळण्याआधी एकदा बाळाच्या हनुवटीखाली दोन बोटे घालून पाहावीत.