पाय थांबला, तयारी थांबवू नका



पहाटे पाच वाजता उंद्रीहून खामगाव-चिखली रस्त्याला लागलं की अंधारात बुटांचा आवाज ऐकू येतो. आपल्या वस्तीतली पोरं-पोरी धावत असतात. कुणाला पोलीस व्हायचं आहे, कुणाला फौजेत जायचं आहे. घरात दुसरी पक्की नोकरी नाही, म्हणून अख्ख्या घराची आशा त्या दोन पायांवर असते.

मागच्या हिवाळ्यात त्यातलाच एक पोरगा लंगडत माझ्याकडे आला. नडगी महिनाभरापासून दुखत होती. घरी का सांगितलं नाही, विचारलं तर म्हणाला, "बाबा म्हणतीन, पोरगं नाटकं करते." मेडिकलमधून दुखण्याची गोळी घ्यायची आणि पळायचं, असं चाललं होतं. एक्स-रे काढला तर हाडाला बारीक तडा. दोन महिने पळणं बंद. पहिल्याच आठवड्यात बोलला असता तर बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीवर भागलं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. दुखापत झाल्यावर थांबणं हा सरावाचाच भाग आहे. ते पोराला समजायला हवं, आणि त्याच्या आधी त्याच्या आईबापाला.

नडगी का दुखते? जाहिरात निघाली की पोरं एकदम दुप्पट पळायला लागतात. मैदान नाही म्हणून डांबरी रस्त्यावर पळतात, तेही झिजलेल्या बुटांनी. पोटात सकाळचा फक्त चहा. हाडाला रोज मार बसतो आणि तो भरून यायला वेळ मिळत नाही. मुलींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: सराव वाढला आणि पाळी बंद झाली, तर खाणं कमी पडत असू शकतं आणि हाडं कमजोर होत असू शकतात. लाजू नका, आशाताईंना सांगा.

दुखणं ओळखायचं कसं? नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं लांबीत दुखत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाला आणि स्नायूंना ताण आहे. पळणं थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा माठाच्या गार पाण्याची पट्टी पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री ठणकत असेल, त्या पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर तडा असू शकतो. पाय चोळू नका, शेकू नका, डॉक्टरला दाखवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये तडा कधी कधी दिसत नाही. एक्स-रे चांगला आला तरी दुखत असेल तर पुन्हा जा.

पैशांसाठी अडू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. खामगावचं सामान्य रुग्णालय आणि बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय आपलंच आहे. हक्काने जा.

गोळी घेऊन पळणं मात्र बंद करा. गोळीने दुखणं कळत नाही, तडा वाढतच राहतो. उपाशीपोटी, घामाने पाणी गेलेलं असताना ती गोळी जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करते. "ताकदीचं इंजेक्शन" देणाऱ्याच्या तर दारातही जाऊ नका.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. फौजेत ५ महार बटालियनमधला जवान. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोत गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा गेली. एवढा मोठा खेळाडूही थांबतो. फरक इतकाच, की त्याच्यामागे डॉक्टर आणि प्रशिक्षक आहेत. आपल्या पोरामागे घर आहे, म्हणून घराने शहाणं व्हायला हवं.

थांबलेल्या दिवसांत करायचं काय? पोलीस भरतीत मैदानाचे गुण ५०, लेखीचे १००. मुलांची १६०० मीटर आणि मुलींची ८०० मीटर धाव २० गुणांची. मैदानात निम्मे गुण लागतातच, पण यादीत नाव लागतं ते बहुतेक लेखीवर. म्हणजे पाय बांधलेला असताना पुस्तक उघडलं तर दिवस वाया जात नाहीत. वस्तीच्या विहारात संध्याकाळी दिवा आणि सतरंजी असतेच. तिथे बसा. दुखत नसेल तर बसून गोळाफेकीसाठी हात-खांद्यांचा व्यायाम करा.

परत सुरुवात सावकाश करा. अर्धा तास भरभर चालून दुखलं नाही, तर एक मिनिट पळा, एक मिनिट चाला. मातीवर पळा. दुसऱ्या दिवशी दुखलं तर एक पायरी मागे या. पुढे दर आठवड्याला थोडंच वाढवा.

आणि आईबापांनो, पोरगं लंगडताना दिसलं तर टोमणा मारू नका. "कुठं दुखते?" एवढंच विचारा. ग्रामपंचायतीकडे मात्र जरूर भांडा: गावात मातीची एक धावपट्टी हवी. डांबरावर पळून पोरांच्या नडग्या मोडत असतील, तर ते दुखणं एकट्या पोराचं नाही, गावाचं आहे.