विश्लेषण : बटाटा आतून पोकळ किंवा काळा का निघतो?

बाहेरून टणक, डागविरहित दिसणारा बटाटा चिरल्यावर मधोमध पोकळी किंवा काळपट गाभा दिसतो. घरात एखादा बटाटा वाया जातो, पण खरेदीदाराने नमुना कापून पाहिला तर शेतकऱ्याचा सगळा माल नाकारला जाऊ शकतो. नांदेड, लातूर पट्ट्यात बटाट्याचे क्षेत्र मर्यादित आहे. त्यामुळे रब्बीत हे पीक घेऊ पाहणाऱ्यांनी हा दोष आधीच समजून घेणे गरजेचे आहे.

हा रोग आहे का?

नाही. पोकळपणा ही वाढीतील शारीरिक विकृती आहे. ती बुरशी, जिवाणू किंवा किडीमुळे होत नाही आणि एका बटाट्यातून दुसऱ्यात पसरत नाही. म्हणूनच त्यावर बुरशीनाशक वा कीटकनाशक फवारणे म्हणजे निव्वळ खर्च.

पोकळी कशी तयार होते?

पाण्याचा ताण पडला की कंदाची वाढ मंदावते. त्यानंतर एकदम भरपूर पाणी आणि नत्र मिळाले की कंद झपाट्याने फुगतो. बाहेरचा भाग वेगाने वाढतो, पण मधल्या पेशी त्या वेगाने वाढू शकत नाहीत. गाभा फाटतो आणि ताऱ्याच्या आकाराची पोकळी उरते. मोठ्या कंदांत हे प्रमाण अधिक असते. लागवडीतील जास्त अंतर, झालेली नांगी आणि पालाशची कमतरता यांमुळे धोका वाढतो.

मराठवाड्यात काय सांभाळावे लागते?

भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, पण सुकली की भेगाळते. म्हणजे कंदाला कधी चिखल, तर कधी ताण. त्यात विहिरी, कूपनलिकांचे पाणी बेभरवशाचे आणि कृषिपंपांची वीज ठरावीक तासांपुरती. एप्रिल २०१६मध्ये लातूर शहरालाच मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात ‘वेळेवर पाणी द्या’ हा सल्ला पाळणे शेतकऱ्याच्या एकट्याच्या हातात नसते. लागवड लांबली तर कंद पोसण्याच्या काळात जमीन तापते. त्या उष्णतेने गरात तपकिरी डाग पडू शकतात.

काळा गाभा वेगळा कसा?

काळा गाभा बहुधा काढणीनंतर, साठवणीत किंवा वाहतुकीत होतो. बटाटा काढल्यावरही श्वसन करत असतो. उष्णता वाढली की श्वसनही वाढते. बंद जागेत किंवा दाबून रचलेल्या थप्पीत हवा खेळली नाही तर गाभ्याला प्राणवायू कमी पडतो. तेथील पेशी मरून काळ्या पडतात.

असा बटाटा खावा का?

केवळ पोकळ असलेला, पण न सडलेला बटाटा खाण्यास चालतो. काळा भाग काढून टाकावा. वास किंवा बुळबुळीतपणा असल्यास बटाटा फेकावा. हिरवा पडलेला बटाटा ही वेगळी बाब आहे. त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेले असू शकते, म्हणून तो टाळावा.

फटका कोणाला?

वेफर्सच्या कारखान्याला अखंड चकती हवी असते. पोकळ बटाट्याची चकती मध्येच तुटते, डागाळलेली तळल्यावर काळी दिसते. दोष बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे काढणी आणि वाहतुकीचा खर्च झाल्यावर नुकसान कळते.

उपाय काय?

पोकळी पडल्यावर इलाज नाही, प्रतिबंधच करावा लागतो. दोन ओळींत सुमारे ६० आणि दोन रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवावे, नांग्या पडू देऊ नयेत. नत्र लागवडीवेळी आणि भर देताना असे विभागून द्यावे. पालाशची मात्रा माती परीक्षणानुसार ठरवावी. ठिबकने थोडे पण नियमित पाणी दिल्यास ओलावा समान राहतो. ताण पडलाच तर एकदम भरपूर पाणी देऊ नये. काढणीपूर्वी चार-पाच ठिकाणचे मोठे कंद कापून पाहावेत. दोष दिसला तर मोठे कंद वेगळे काढून उरलेल्या मालाचा सौदा करता येतो. शेवटच्या पाळीपर्यंत पाणी पुरेल एवढ्याच क्षेत्रावर लागवड करणे, हीच सर्वांत मोठी खबरदारी.